आधी वावराचं वेगळं, मग तुझं-माझं: गावातल्या नव्या जोडप्यासाठी पैशाची मांडणी

"दोघांचे पैसे वेगळे ठेवतो" असं गावात कोणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "काऊन बाप्पा, भांडण झालं का?" त्या प्रश्नाला घाबरून बरीच नवी जोडपी हा विषयच काढत नाहीत. मग पाच-सात वर्षांनी पोराच्या फीसाठी पैसे लागतात तेव्हा कळतं, बायकोच्या शिलाईचे, बचत गटाचे, माहेरहून आलेले असे सगळे पैसे बियाण्यात आणि फवारणीत गेले. कोणी लुबाडलं नाही, कोणी उधळलं नाही. सगळं एकाच पिशवीत होतं, एवढंच.

नोकरदारांच्या घरी दोन पगार येतात, तिथं "अर्धं तू, अर्धं मी" असं महिन्याच्या महिन्याला करता येतं. आपल्याकडं पैसा तसा येत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा येतो, मग कापसाच्या वेच्यांबरोबर तुकड्यातुकड्यानं, पुढं तुरीचा. भंडारा-गोंदियाकडं धान निघालं की येतो. आणि येण्याआधीच दारात रांग लागलेली असते: कृषी केंद्राची उधारी, सोसायटी, ट्रॅक्टरवाला, किराणा. म्हणून कास्तकाराच्या घरात आधी वेगळं करायचं ते वावर आणि घर. नवरा-बायकोचं त्यानंतर. हा क्रम उलटा केला की मांडणी पहिल्या खरिपातच मोडते.

1. एक संध्याकाळ, एक वही

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधलं ॲप नको, कारण मोबाईल एकाच्याच हातात असतो. पहिल्या पानावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर काय येतं, काय जातं ते टाका. मृगाला बियाणं आणि खत, मग निंदण, डवरणी, फवारणी. पोळ्याला खिसा रिकामा, नेमकं तेव्हाच पाहुणे आणि सण. हे सगळं तुम्हाला माहीत असतं, पण एका पानावर दिसलं की जून ते सप्टेंबर हे चार महिने कसे काढायचे हा प्रश्न दोघांचा होतो.

दुसऱ्या पानावर नावं. सातबारा कोणाच्या नावावर, पीक कर्ज कोणाच्या, गटाचं कर्ज कोणाच्या, सोनं कोणाचं आणि आता कुठं आहे. तिसऱ्या पानावर उसनवारी, दोन्ही बाजूंची. मित्राकडून घेतलेले पाच हजार, बहिणीला दिलेले तीन. इथं थोडं ताणेल, ताणू द्या. लपवलेलं हातउसनं ह्या संध्याकाळी बाहेर आलं तर स्वस्तात सुटलात.

2. चार खाती, आणि ती एकाच बँकेत नकोत

एक खातं वावराचं: चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे), पीक कर्ज, पीक विमा, पीएम-किसानचे वर्षाचे 6000 आणि राज्याच्या नमो शेतकरीचे 6000 ह्यात. एक घराचं, दोघांच्या नावे. एक त्याचं, एक तिचं. जनधनचं खातं असेल तर त्याला किमान शिल्लक लागत नाही, बाकीच्या खात्यांना किती शिल्लक लागते ते उघडतानाच विचारून घ्या. घरचं खातं उघडताना फॉर्मवर "दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला" हा पर्याय घ्या. दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं घेतलं, तर तो दवाखान्यात भरती असताना ती बँकेत हात हलवत बसेल.

महत्त्वाची गोष्ट ही की जिथं पीक कर्ज आहे त्या बँकेत घराचं आणि तिचं खातं ठेवू नका. कर्ज थकलं की त्याच बँकेतल्या बचत खात्याला होल्ड लागल्याचे प्रकार आपल्याकडं दरसाल होतात. घरखात्यावर त्याचंही नाव आहे, तेव्हा तेही अडकू शकतं. घरासाठी दुसरी बँक बघा, तिच्यासाठी पोस्ट चांगलं.

आठवडी बाजारात रोजचे पन्नास-शंभर गोळा करणारे पतसंस्थेचे एजंट फिरतात. ते ओळखीचे असतात, घरी येतात, सोय होते हे खरं. पण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागं 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. जी रक्कम बुडाली तर रात्री झोप लागणार नाही, ती तिथं ठेवू नका.

आता "तिचं खातं" म्हणजे काय ते नीट पाहा. पासबुकावर तिचं नाव आहे, पण खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, आणि शिलाईचं गिऱ्हाईक ब्लाऊज घेऊन जाताना भिंतीवरचा जो क्यूआर स्कॅन करतं तो नवऱ्याच्या खात्याचा. सत्तर रुपये, दीडशे रुपये असं दिवसभर त्याच्याकडं जमा होतं आणि महिन्याच्या शेवटी दोघंही म्हणतात, शिलाईत काही उरत नाही. तिचा नंबर, तिचा पिन, तिचा क्यूआर, हे तीन झाले तरच ते तिचं खातं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 येत असतील तर तेही तिचेच. घरात आले म्हणून घराचे होत नाहीत.

ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा देऊन पैसे काढत असाल तर एक सवय लावा. अंगठा दिल्यावर पावती घ्या आणि पासबुक महिन्यातून एकदा भरून आणा. "लिंक नाही, पुन्हा अंगठा द्या" असं म्हटलं तर आधीचा व्यवहार झाला का ते विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट टेकवू नका.

3. वाटा कसा काढायचा

अर्धा-अर्धा हा सरळ दिसणारा पण बहुतेक घरांत अन्याय करणारा हिशेब आहे. ज्याची कमाई जेवढी, त्या प्रमाणात घरखर्च उचलायचा. पण तिची कमाई मोजताना गावात एक मोठी गोष्ट सुटते, ती म्हणजे स्वतःच्या वावरातली तिची मजुरी. निंदायला दुसरी बाई लावली असती तर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यावा लागला असता. घरची बाई निंदते म्हणून तो वाचतो, आणि वाचलेला पैसा "शेतीचा नफा" म्हणून त्याच्या नावावर चढतो. ह्यावर सोपा उपाय: भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती वावरात गेली त्या तारखेला फुली मारा. चुकारा आला की फुल्या मोजा आणि गावात चालू असेल त्या रोजानं पैसे तिच्या खात्यात टाका.

आकड्यांत बघू. समजा, पुढच्या हंगामाची लागवड बाजूला काढून वावरातून वर्षाला 1,20,000 उरले. तिच्या फुल्या 60, रोज 250 धरला तर 15,000 तिचे. वावराचे राहिले 1,05,000. शिलाईतून महिन्याला 4000, म्हणजे वर्षाचे 48,000. तिची एकूण कमाई 63,000. दोघांचं प्रमाण 5 ला 3. घरखर्च महिन्याला 9000, वर्षाचा 1,08,000. त्यातले 67,500 त्यानं द्यायचे, 40,500 तिनं. त्याच्याकडं 37,500 उरतात, तिच्याकडं 22,500. हे उरलेले ज्याचे त्याचे.

ती बाहेर काही कमवत नसेल, लेकरू लहान असेल, तर प्रमाण काढत बसू नका. घरखर्च वजा करून उरलेल्यातला ठरलेला हातखर्च दोघांना सारखा. स्वयंपाक, पाणी, गोठा, म्हाताऱ्यांचं पथ्य ह्याचा रोज कोणी काढत नाही म्हणून ते फुकट होत नाही.

आणि नापिकीचं वर्ष? बोंडअळी आली, ऐन काढणीत सोयाबीन भिजलं, तर त्या वर्षी प्रमाण बदला आणि बदललेलं वहीत लिहा. तिनं जास्त उचललं तर तो आकडा पुढच्या चांगल्या वर्षाच्या पानावर ओढून घ्या. न बोलता ओढत राहिलं की दुसऱ्या वर्षी तेच नियम होऊन बसतं.

4. चुकाऱ्याचा आठवडा

वर्षभराच्या काटकसरीपेक्षा हा एक आठवडा जास्त महत्त्वाचा. अडतीतून पैसे आले की त्याच आठवड्यात, उधारीवाले दारात यायच्या आधी, वाटप करा. क्रम असा: कृषी केंद्र आणि सोसायटीचं देणं, पुढच्या लागवडीची रक्कम, तिच्या फुल्या, मग घराचा वाटा. उरलं ते त्याचं. पीक कर्ज मुदतीत फेडण्याचा फायदा सांगायला नको. व्याजाची सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते, आणि ती गेली की कर्ज महाग पडतं.

घराचे 67,500 एकदम खात्यात पडले की ते वर्षभर पुरत नाहीत. खात्यात पैसे दिसले की भाऊजींना फटफटी घ्यायची असते. म्हणून चार भाग करा, प्रत्येकी 16,875. एक खात्यात राहू द्या, बाकी तीन 3, 6 आणि 9 महिन्यांच्या मुदत ठेवीत. जानेवारीत ठेवले तर एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात एकेक हाती येतो. जुलैचा हप्ता पेरणीनंतरच्या कोरड्या महिन्यांत येतो, आणि त्याच वेळी तिचे महिन्याचे 3375 घरखात्यात पडतच असतात.

ह्यातून मिळणारा खरा फायदा वेगळाच आहे. घरात दोन महिन्यांचा खर्च असेल तर दारात गाडी घेऊन आलेल्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात कापूस द्यावा लागत नाही. थांबता येतं.

5. काटकसर कुठं करायची, कुठं नाही

विकायच्या आधी वर्षाचं खायचं काढून ठेवा. हे आजीच्या काळचं आहे, पण हिशेबही तेच सांगतो. तुरीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये. बाजारात त्याहून कमी मिळाला तर मिळाला. गावातल्या डाळमिलवर एका क्विंटलची साधारण 70 किलो डाळ धरा. म्हणजे हमीभावानंही डाळ किलोला 114 रुपयांना पडली, वर मिलची भरडाई. पाच माणसांच्या घराला एवढी डाळ वर्षाच्या आसपास पुरते, चुनी गाईला जाते. दुकानातल्या डाळीचा पावसाळ्यातला भाव विचारा आणि ताडून बघा. डाळीला कडक ऊन द्या आणि कोरड्या डब्यात भरा, नाहीतर किडे तुमच्या आधी जेवतील.

तेल, साखर, चहापत्ती महिन्याची एकदम आणि रोखीनं घ्या. उधारीच्या वहीवर लिहून आणलेल्या किराण्यात दुकानदार भाव करू देत नाही, आणि देईल तरी कशाला. उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, पापड होतातच. परसात वांगी, भेंडी, चवळी आणि एक शेवग्याचं झाड असलं की पावसाळ्यातली बाजाराची पिशवी हलकी होते. पऱ्हाटी-तुराटी (कापसाची-तुरीची वाळलेली झाडं) चुलीला आहे म्हणून अंघोळीचं पाणी गॅसवर तापवू नका. पण स्वयंपाक धुरात करायला लावून गॅस वाचवणं मला पटत नाही. बाईच्या छातीवर काढलेली बचत ती.

दवाखाना, लेकराचं दूध आणि फवारणीचे हातमोजे-मास्क ह्यांत काटकसर नाही. विषबाधा झालेल्याच्या दवाखान्याचं बिल पाहिलेल्यांना हे पुन्हा सांगायला लागत नाही.

आता खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. एक पुडी वीसची धरली आणि दिवसाला दोन, तर महिन्याचे 1200. नवऱ्याचं म्हणणं, एवढं तर चालतंच. बायकोचं म्हणणं, तेवढ्यात माझा गटाचा हप्ता निघतो. हे भांडण चार खात्यांनी निम्मं मिटतं: खर्रा त्याच्या खात्यातून. तिची भिशी आणि संक्रांतीचं वाण तिच्या खात्यातून. एकमेकांच्या खात्याची झडती घ्यायची नाही. खर्रा सोडावाच, पण ते डॉक्टरांनी आणि आरशानं सांगायचं. वहीचं काम एवढंच की तो घरखात्यात शिरू नये.

घर खरं बसतं ते लग्नसराईत आणि तेरवीत. उन्हाळ्यात एका महिन्यात दहा-बारा पत्रिका येतात. पाडव्यालाच एक रक्कम ठरवा आणि त्यात दोन्हीकडचं बसवा. जवळच्यांचा आहेर घरखात्यातून. त्यापलीकडं तिच्या मामेबहिणीला साडी द्यायची असेल तर तिच्या पैशातून, त्याच्या मित्राच्या वरातीचा खर्च त्याच्या.

6. कर्ज काढायच्या आधी

नियम एकच: दुसऱ्याला न विचारता कर्ज नाही आणि जामीनकी तर नाहीच. पैसे वेगळे असले तरी कर्ज देणारा तुम्हाला एकच घर धरतो. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं हे एक कुटुंब. सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिच्या नावावर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते चालू असतील तर ही मर्यादा आधीच ओलांडलेली असेल, पुढं कोणी हसत फॉर्म घेऊन आला तरी. वसुलीवाल्यानं सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करून छळायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे. असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही.

गटाचं कर्ज तिच्या नावावर आणि पैसा त्याच्या मोटारपंपाला, हे घरोघरी होतं. होऊ द्या, पण वहीत "वावरानं तिच्याकडून घेतले" असं लिहा आणि गटाचा हप्ता वावरखात्यातून भरा. उमेद किंवा माविम (सरकारच्या बचत गटाच्या संस्था) ह्यांच्या गटात तिची पत तिच्या परतफेडीवर ठरते. हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली तिची जाते, पंपाची नाही.

सोन्याचंही तसंच. माहेरहून आणि लग्नात मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये सांगितलं आणि 2024 मध्ये पुन्हा सांगितलं: ते नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही, अडचणीत वापरलं तरी परत द्यावं लागतं. गहाण ठेवायचंच असेल तर ती सोबत जाईल, पावती तिच्याकडं राहील आणि सोडवायची तारीख वहीत लिहिली जाईल. पावती न देणाऱ्या सावकाराकडं तर दोघांनीही जाऊ नये.

7. सासरी एकत्र असाल तर

सासूबाईंना चार खाती समजावत बसू नका. "घरखर्चाला दर महिन्याला एवढे देऊ" एवढं सांगा आणि एक तारीख न चुकता द्या. तीन महिने वेळेवर मिळाले की प्रश्न थांबतात. सातबारा अजून मामंजींच्या नावावर असेल आणि भासऱ्यांसोबत (थोरल्या दिरांसोबत) शेती एकत्र असेल, तर वावरखातं तुमच्या हातात नाही. तिथं फक्त तिच्या फुल्या आणि तुमच्या दोघांची खाती, एवढ्यावर सुरू करा. फुल्यांचे पैसे मिळाले नाहीत तरी मारत राहा. वाटणीच्या बोलणीत ते कॅलेंडर कामी येतं.

नवरा हिशेबाला तयार नसेल, "माह्यावर भरोसा नाही का?" म्हणत असेल, तर वाद घालू नका. तिचा नंबर आणि तिचा क्यूआर एवढं आधी करून घ्या, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. घरात दारू असेल तर पासबुक आणि कार्ड घरात ठेवू नका. माहेरी किंवा गटातल्या भरवशाच्या बाईकडं ठेवा, पिन मात्र कोणालाच नाही.

8. कागद

शेत त्याच्या स्वतःच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. 1992 पासूनची ही सोय आहे आणि त्याला शुल्क नाही. अर्ज तलाठी किंवा तहसील कार्यालयात. नाव लागलं की पीक कर्जासाठी, पीक विम्यासाठी तीही कास्तकार. बऱ्याच नवऱ्यांना हे माहीत असतं, फक्त "करू ना, जाऊ एखाद दिवशी" म्हणून राहतं. तो दिवस पेरणीआधीचा ठरवा, नंतर सवड नाही.

प्रत्येक खात्यावर वारसदाराचं नाव लावलंय का ते पासबुक घेऊन बँकेत विचारा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचंच नाव असतं. राशन कार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. सासूबाई असतील तर त्यांचं नाव, आणि त्यांच्यामागं ते बदलून घ्यायचं राहून जातं.

दोन सरकारी विमे दोघांनीही आपापल्या खात्यातून घ्यावेत. जीवन ज्योती वर्षाला 436 रुपये, 18 ते 50 वयात घेता येतो. सुरक्षा विमा 20 रुपये, 18 ते 70, अपघातासाठी. दोन्हींत संरक्षण 2 लाखांपर्यंत. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. नेमकं तेव्हाच बियाण्यासाठी खातं झाडून पुसून रिकामं केलेलं असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या आणि तिच्या, दोन्ही खात्यांत किमान 456 रुपये राहू द्या.